मदत हवी आहे : सात लेव्हलचा इन्व्हर्टर सिम्युलेशनमध्ये नीट चालतो, बोर्डावर मात्र वेव्हफॉर्म बिघडतो

शून्यछेद
कमी स्विचांचा, सात लेव्हलचा (डीसीपासून सात पायऱ्यांचा एसी देणारा) सिंगल फेज इन्व्हर्टर बांधला आहे. नेहमीच्या कॅस्केडेड एच-ब्रिजला (चार-चार स्विचांचे तीन ब्रिज मालिकेत) बारा स्विच लागतात, माझ्या मांडणीत सातच आहेत. सिम्युलेशनमध्ये पायऱ्या आखून काढल्यासारख्या येतात. प्रत्यक्षात मात्र शून्य ओलांडल्याबरोबर व्होल्टेज एकदम सर्वांत वरच्या लेव्हलला उडी मारते, थोडा वेळ तिथेच राहते, मग खाली येते आणि पुढच्या पायऱ्या नीट चढते. ऋण अर्धचक्रातही तेच घडते. गेट ड्रायव्हर (स्विचच्या गेटला चालू-बंदचा इशारा देणारी सर्किटे) दोनदा बदलले, प्रोग्राम तीनदा तपासला. चार दिवसांत प्रकल्प दाखवायचा आहे, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे. मल्टिलेव्हल इन्व्हर्टर म्हणजे काय, हे समजावू नये.

जुना_फ्यूज
नेमके उत्तर हवे असेल, तर माहितीही नेमकी द्यावी लागेल. ते सात स्विच कुठे कुठे आहेत? स्रोत किती आणि कसले? स्विच म्हणून कोणते ट्रान्झिस्टर घेतले, मॉस्फेट की आयजीबीटी? आउटपुटला काय जोडले आहे?

तांब्याची_तार
हा बूटस्ट्रॅपचाच (वरच्या स्विचच्या गेटला कपॅसिटरमधून वीज देण्याच्या पद्धतीचा) दोष आहे. 50 हर्ट्झला वरचा स्विच सलग 10 मिलिसेकंद चालू राहतो, तेवढ्यात बूटस्ट्रॅपचा कपॅसिटर उतरतो आणि गेटला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. मी यात दोन महिने घालवले आहेत. कपॅसिटर मोठा लावा.

शून्यछेद
बूटस्ट्रॅप वापरलेलाच नाही. गेटसाठी सहा आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून वेगळे) पुरवठे आहेत. प्रत्येकी 24 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आहेत. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाला एक मॉस्फेट असून, तो बंद असताना प्रवाह त्या बॅटरीला वळसा घालून जावा यासाठी एक डायोड आहे. अशा तीन पेट्या एकावर एक रचून, धन-ऋण उलटापालट करण्यासाठी पुढे चार मॉस्फेटांचा एच-ब्रिज दिला आहे. लोड साधाच आहे.

कंगवा
पॅक्ड यू सेल ही रचना का वापरली नाही? सहा स्विच, एक स्रोत आणि एक कपॅसिटर एवढ्यात सात लेव्हल मिळतात. तीन बॅटऱ्यांची गरजच नाही.

जुना_फ्यूज
कंगवा, त्यातला कपॅसिटर स्रोताच्या एक तृतीयांश व्होल्टेजवर धरून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी चांगले नियंत्रण लिहावे लागते. चार दिवसांत ते करायला सांगणे म्हणजे बुडत्याला पोहण्याचे पुस्तक देणे आहे. शून्यछेद, ‘साधाच लोड’ म्हणजे काय? सगळा प्रश्न तिथेच अडकला आहे, असा मला दाट संशय आहे.

चौकोनीलाट
1981 साली नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांनी मांडलेली न्यूट्रल पॉइंट क्लॅम्प्ड रचना (डायोडांनी स्रोताच्या मधल्या बिंदूला बांधलेली) अजूनही सर्वांत भरवशाची आहे. तिचा विचार करावा.

कंगवा
ती तीन लेव्हलला शोभते. सात लेव्हलसाठी एकसारख्या रेटिंगचे डायोड घेतले, तर एका लेगलाच (स्विचांच्या एका उभ्या रांगेला) असे बांधणारे तीस क्लॅम्पिंग डायोड लागतील. धागा कमी घटकांचा आहे.

शून्यछेद
टेबलफॅनची मोटर, आणि तिच्या आधी लहान फिल्टर चोक (इंडक्टर). सिम्युलेशनमध्ये 50 ओहमचा रेझिस्टर घेतला होता. याने काही फरक पडतो का?

जुना_फ्यूज
यानेच सगळा फरक पडतो, आणि ही गोष्ट आपण पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती. मोटर व चोक यांच्यामुळे प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहतो. म्हणजे व्होल्टेज धन झाले, तरी काही काळ प्रवाह ऋणच असतो आणि तो एच-ब्रिजमधून उलट आपल्या पेट्यांत शिरतो. तुमचा वळशाचा डायोड फक्त सुलट प्रवाह वाहू देतो. उलट प्रवाहाला एकच वाट उरते, ती म्हणजे मॉस्फेटांच्या अंगभूत बॉडी डायोडमधून तिन्ही बॅटऱ्यांत जाण्याची, मग गेटला तुम्ही काहीही सांगा. म्हणून 24 व्होल्टच्या जागी 72 व्होल्ट दिसतात, आणि प्रवाह शून्य होताच व्होल्टेज खाली येते. बॉडी डायोड नसता, तर याच ठिकाणी स्पाइक येऊन स्विच फुटला असता. पंखा काढून फिलामेंटचा दिवा लावून पाहा. उडी नाहीशी व्हायला हवी.

तांब्याची_तार
तरीही गेटचे व्होल्टेज एकदा स्कोपवर पाहून घ्यावे.

शून्यछेद
दिवा लावला (चोकही काढला), पायऱ्या स्वच्छ आल्या. पंखा लावताच उडी परत आली. सिम्युलेशनमध्ये रेझिस्टरच्या जोडीला इंडक्टर घातला, तर तिथेही तीच उडी दिसते. आता हार्डवेअर न बदलता काही करता येईल का?

कंगवा
प्रवाह उलटेपर्यंत एच-ब्रिजचे वरचे दोन्ही स्विच चालू ठेवून शून्य लेव्हल द्या. प्रवाह ब्रिजमध्येच फिरत राहील, पेट्यांत जाणार नाही.

जुना_फ्यूज
प्रवाह थोडाच मागे असेल, तर हे चालेल. मोटरच्या बाबतीत मात्र शून्याभोवती एक लांब सपाट पट्टा येईल आणि पहिली पायरी त्यात गडप होईल, म्हणजे सात लेव्हल नावालाच उरतील. त्यापेक्षा तिन्ही वळशाचे डायोड काढून तिथे मॉस्फेट बसवा, म्हणजे प्रत्येक पेटी हाफ-ब्रिज (आलटून-पालटून चालणाऱ्या दोन स्विचांची जोडी) होईल. स्विच दहा होतील. तरीही ते बारांपेक्षा कमीच आहेत.

शून्यछेद
मग आयसोलेटेड पुरवठेही नऊ होतील. बोर्डावर तेवढी जागा नाही.

जुना_फ्यूज
होणार नाहीत. खालच्या पेटीच्या वरच्या मॉस्फेटचा सोर्स (मॉस्फेटचे एक टोक) आणि तिच्यावरच्या पेटीच्या खालच्या मॉस्फेटचा सोर्स हा एकच बिंदू असतो, त्यामुळे दोघांना एक पुरवठा पुरतो. सर्वांत खालचा नवा मॉस्फेट एच-ब्रिजच्या खालच्या दोघांबरोबर बसतो. पुरवठे सहाच राहतील. ड्रायव्हर मात्र तीन वाढतील. आणखी एक गोष्ट विसरू नये : आजवर पेट्यांना डेड टाइमची (एक स्विच बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधीच्या थोड्या विरामाची) गरज नव्हती, आता आहे. तो न देता मॉस्फेट चालू केलेत, तर बॅटरी सरळ शॉर्ट होईल.

कंगवा
स्विच खरोखर कमी करायचे असतील, तर 24 आणि 48 व्होल्टचे दोन एच-ब्रिज मालिकेत जोडा. आठ स्विचांत सात लेव्हल मिळतात. शिवाय सर्व स्विचांनी मिळून झेलायच्या व्होल्टेजची बेरीज 288 व्होल्ट येते. दहा स्विचांच्या मांडणीत ती 432 येते, कारण शेवटच्या ब्रिजच्या चारही स्विचांना पूर्ण 72 व्होल्ट झेलावे लागतात. स्विचांची संख्या सगळेच मिरवतात, ही बेरीज कोणी सांगत नाही.

जुना_फ्यूज
हे मात्र मान्य आहे. पण त्यांच्याकडे बोर्ड तयार आहे आणि चार दिवस आहेत.

शून्यछेद
तीन मॉस्फेट व ड्रायव्हर जोडकामाच्या लहान बोर्डावर बसवले आहेत. डेड टाइम सध्या 2 मायक्रोसेकंद ठेवला आहे. पंख्यावर उडी गेली, सातही लेव्हल दिसतात. अहवालात सात स्विच लिहिले होते, ते दहा करतो आणि 432 ची बेरीजही त्याच तक्त्यात घालतो.