मदत हवी आहे: खानापूर-बेळगाव भागात मराठीतून बोलता येईल अशी मद्यमुक्तीची सभा

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि एका पतसंस्थेत नोकरी करतो. दारू सोडण्यासाठी रुग्णालयात राहून उपचार घेतल्यानंतर आता घरी परतलो आहे. औषधांइतकेच ‘एए’च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाणे महत्त्वाचे आहे, असे समुपदेशकांनी बजावले आहे; परंतु त्यांनी दिलेली यादी हुबळी-धारवाडकडची असून नोकरी सांभाळून तिकडे वरचेवर जाणे मला शक्य नाही.

माझी पहिली अडचण भाषेची आहे. बाजारात आणि कचेरीत लागते तेवढे कन्नड मला येते, पण मनातले बोलायचे तर मराठीच हवी. दुसरी अडचण ओळखीची: पिग्मीमुळे, म्हणजे रोजची बचत गोळा करत फिरत असल्याने, निम्मा बाजार मला नावाने ओळखतो, त्यामुळे सभेच्या दारात एखादा खातेदार भेटला तर काय करावे, हा विचार पाय मागे ओढतो. शिवाय आईचे म्हणणे असे, की पंढरीची माळ घातली की दारू आपोआप सुटते, मग चर्चच्या खोलीत भरणाऱ्या सभेला कशाला जायचे. तिला मी काय सांगावे? आणि पत्नीने सोबत यावे की नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (बेळगाव)

दादा, मी स्वतः या सभांना जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठिकाण शोधण्यासाठी एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावानुसार यादी पाहावी, मात्र जागा किंवा वेळ बदलली तरी यादी लगेच सुधारली जातेच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन अवश्य करावा. त्याच फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: सभा कोणत्या भाषेत चालते आणि ती खुली आहे की बंद. खुल्या सभेला नातेवाईकही बसू शकतात. बंद सभा केवळ ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. फोनवर माहिती मिळाली नाही, तर केंद्र शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करता येते. आपल्या भागातल्या सभांत मराठी, कन्नड आणि हिंदी अशी सरमिसळ माझ्या तरी कानावर पडते. शेअरिंग, म्हणजे आपला अनुभव सांगणे, मराठीतून केले म्हणून आजवर कोणी अडवले नाही.

ओळखीविषयी सांगायचे तर तेथे हजेरीपट नसतो, आडनाव विचारले जात नाही आणि पहिल्या दिवशी एक शब्दही न बोलता नुसते ऐकून उठता येते. एखादा खातेदार भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असणार, हे लक्षात घ्यावे. (खरे म्हणजे गावाला आपले पिणे आधीच ठाऊक असते, लपवायचे राहते ते फक्त सोडणे.) तरीही संकोच वाटला, तर सुरुवातीला ऑनलाइन मराठी सभेत बसावे. नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद सभा करण्यास सांगतात. खानापुरातून रोज ये-जा करून ते जमणे कठीण, पण आठवड्याची एक प्रत्यक्ष सभा आणि उरलेल्या दिवशी ऑनलाइन, असे जुळवता येते.

आईंना सांगा, की माळ काढायला कोणीही सांगणार नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या बंधुत्वाच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या बारा टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ‘आपल्याला जसा उमगला तसा’, आणि खोली चर्चची किंवा शाळेची असली तरी सभेचा त्या संस्थेशी संबंध नसतो. सदस्यत्वाला एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, तिच्यात नव्याने आलेल्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. माझ्या मते माळ आणि सभा दोन्ही असू द्याव्यात, कारण माळेमुळे घरच्यांना विश्वास वाटतो आणि रात्री तल्लफ आली की फोन उचलणारा माणूस सभेत मिळतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या सभेतल्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. दुर्दैवाने पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले, तर घरच्या घरी एकदम थांबवण्याचे धाडस करू नये. काही तासांत हातपाय थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी आधी रुग्णालय, मग सभा.

प्रतिसाद (निपाणी)

वहिनींसाठी लिहिते. त्यांनी खुल्या सभेला एकदा जरूर यावे, पण त्यांची स्वतःची जागा अल-अ‍ॅनॉन ही आहे. मद्यपींच्या कुटुंबीयांच्या या सभा वेगळ्या भरतात आणि पती पीत असो वा नसो, पत्नीला तेथे जाता येते. नवऱ्याचे खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, हिशेब विचारणे हे सारे मी तेथे जाऊ लागल्यावर हळूहळू कमी झाले. जवळपास गट नसेल, तर ऑनलाइन मराठी सभेची चौकशी करावी. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्यांतर्गत साध्या बसला आम्हां बायकांना तिकीट पडत नाही, तेव्हा बेळगावपर्यंत येण्याच्या खर्चाची अडचण नाही. आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. यादीतल्या क्रमांकावर आज फोन करतो. संध्याकाळच्या सभेनंतर खानापूरकडे येणारी शेवटची बस किंवा रेल्वे किती वाजता मिळते, हे कोणी नेमके सांगू शकेल काय?