जुनी एमजीबी: थंड असताना पहिल्या फटक्यात, तापल्यावर ढिम्म

कलमवाला, देवगड

नमस्कार. पुण्यातील एका गृहस्थांकडून १९६४ सालची एमजीबी, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी गाडी, विकत घेण्याचे माझ्या मनात आहे. बयाणा दिलेला आहे. उरलेली रक्कम देण्यापूर्वी गाडी पंधरा दिवस आमच्याकडे ठेवून पाहावी असे आमच्यात ठरले, त्यामुळे ट्रकवर चढवून ती फोंडा घाटाने खाली आणली आणि सध्या कलमांच्या बागेतील मांगरात उभी आहे. किल्ली देताना मालकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हिला चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारे बटण, कधीच ओढावा लागत नाही, किल्ली फिरवली की ती लागते. दुसरी म्हणजे तापलेली असताना बंद केली तर अर्धा तास तिच्या वाटेला जाऊ नये, कारण तो तिचा स्वभाव आहे.

दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या निघाल्या. सकाळी सहा वाजता, बॉनेटवर दव असताना, चोकला हात न लावता ती दुसऱ्या गिरकीत सुरू होते आणि घरातील मंडळी टाळ्या वाजवतात. परवा मात्र आम्ही कुणकेश्वरला गेलो, दर्शन घेऊन वीस मिनिटांत परतलो, तर स्टार्टर जोमाने फिरत होता आणि इंजिन काही केल्या पेट घेत नव्हते. मी दहा-बारा वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला. पेट्रोलचा वास एवढा येऊ लागला की शेजारच्या नारळवाल्याने आपली बिडी विझवली. पाऊण तासाने ती सुरू झाली, पण मागे काळ्या धुराचा लोट सोडून. तापमानाचा काटा सर्व वेळ जागेवर होता. एका लिटरला जेमतेम सहा किलोमीटर चालते, हेही नोंदवून ठेवतो.

माझा अनुभव एका मारुती ८०० आणि वडिलांच्या बुलेटपुरताच आहे. जुन्या गाड्यांचे लाड करावे लागतात हे मला मान्य आहे, परंतु याला स्वभाव म्हणावे की दोष, आणि दोष असेल तर तो व्यवहार मोडण्याइतका मोठा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना-पक्कड, मुंबई

सर्वप्रथम अ‍ॅक्सिलरेटर पंप करण्याची सवय सोडा. तुमच्या गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रे, आहेत आणि एसयूमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंपच नसतो. म्हणजे इंजिन बंद असताना तुम्ही पायाने कितीही दाबले तरी इतर काही कार्ब्युरेटरांप्रमाणे पेट्रोलची पिचकारी उडत नाही, केवळ झडप उघडते आणि मिटते. मग वास कुठून आला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्याकडे मी शेवटी येतो.

ही गाडी सुरू करण्याची रीत अशी आहे. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणून थांबा आणि कान मागे लावा. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप मागे उजव्या बाजूस, बॅटरीजवळ बसवलेला असतो. तो आधी भराभर टिकटिकतो, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरची पेट्रोलची छोटी कुपी) भरत आले की मंदावतो आणि मग गप्प होतो. तो गप्प झाल्यावरच स्टार्टर मारायचा. टिकटिक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाहून जात आहे किंवा टाकी रिकामी होऊन पंप हवा ओढत आहे, असे समजावे. आवाजच आला नाही तर बहुधा पंपाच्या आतील पॉइंट (विजेचे संपर्क) चिकटलेले असतात, आणि पान्याच्या लाकडी मुठीची एक हलकी टिचकी तेवढ्यापुरती पुरते. महिनाभर उभ्या गाडीच्या चेंबरमधील पेट्रोल उडून गेलेले असते, तेव्हा ही टिकटिक नेहमीपेक्षा बराच वेळ चालते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. याला मी स्वभाव म्हणेन.

चोकचे बटण ओढले की पहिल्या थोड्या अंतरात फक्त इंजिनाची गती वाढते; आणखी ओढले की कार्ब्युरेटरच्या तळातील जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक नळी, खाली सरकते, त्यात उतरलेली निमुळती सुई जेटच्या तोंडाशी अधिक फट सोडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. किनाऱ्यावरच्या उकाड्यात चोक थोडाच आणि थोडाच वेळ लागतो हे खरे. परंतु रात्रभर थंड झालेल्या एमजीबीला तो अजिबात लागत नाही, हे ऐकून मला तिचे कौतुक वाटण्याऐवजी शंका येते. चारही प्लग काढा, कोणता कुठला हे लक्षात राहील अशा क्रमाने ठेवा आणि रंग पाहून येथे लिहा. पुढचा कार्ब्युरेटर प्रामुख्याने १ आणि २ क्रमांकाच्या सिलिंडरांना मिश्रण पुरवतो, तर मागचा ३ आणि ४ क्रमांकांना. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला.

घाटमाथा, सातारा

माझ्या मते हा हवेचा परिणाम आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे जुळवलेले मिश्रण देवगडला खाली आणल्यावर जड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, झाले असणार. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे गरम इंजिनाजवळील नळीत वाफ अडकत असेल. विजेचा नवा पंप आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका, कटकट मिटेल.

अ‍ॅम्बीवाला, चिपळूण

घाटमाथा यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. खाली उतरल्यावर हवा दाट होते, म्हणजे त्याच पेट्रोलला हवा अधिक मिळते आणि मिश्रण हलके होते, जड नव्हे. पुण्याहून महाबळेश्वरला चढवली असती तर आपले म्हणणे पटले असते. वाफ अडकली असती तर इंजिनाला पेट्रोल मिळालेच नसते आणि प्लग कोरडे राहिले असते. येथे तर वासाने नारळवाला हैराण झाला. इथेनॉलची काळजी जरूर करावी, पण ती वेगळ्या कारणासाठी: ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या आतून कुरतडते. साठ वर्षांपूर्वीच्या घडणीची एकही नळी गाडीवर राहू देऊ नका. आणि विजेचा पंप मुळातच आहे, हे वर आलेलेच आहे.

आता माझे म्हणणे. आमच्या घरी पंचवीस वर्षे अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सी होती. अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन, ही दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील सख्खी भावंडे आहेत, त्यामुळे तुम्हाला परदेशी गाड्यांच्या तज्ज्ञापेक्षा एखादा जुना टॅक्सीचा मेस्त्री अधिक उपयोगी पडेल. या घराण्यात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, एकावर एक असतात. गाडी थांबली की खालची धग वर चढते आणि चेंबरमधील पेट्रोल उकळून थोडे आत उतरते. म्हणून तापलेली गाडी सुरू करताना चोक पूर्ण आत ठेवावा, पेडल एक-तृतीयांश दाबून तसेच धरावे, हलवू नये, आणि स्टार्टर मारावा. चार-पाच सेकंद जास्त लागतात इतकेच. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असतो, तो जागेवर आहे ना तेही पाहून घ्या, कारण कोणीतरी काम करताना काढून ठेवलेला पत्रा पुन्हा न बसवणे हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

परंतु पाऊण तास हा स्वभाव नव्हे. माझा संशय जेटवर आहे. चोक आत ढकलला तरी दोहोंपैकी एक जेट खालीच अडकून राहत असावे. हे तपासायला हत्यार लागत नाही. इंजिन थंड असताना चोक पूर्ण आत ढकला, कार्ब्युरेटरच्या बुडाखाली बोट घाला आणि जेटचे टोक वर दाबा. ते जागचे हलले नाही तर ठीक. टक्कन वर सरकले तर समजा, की मालक ज्या गोष्टीची फुशारकी मारत होते आणि ज्या गोष्टीबद्दल ताकीद देत होते, त्या दोन्ही मिळून एकच बिघाड आहेत: गाडीचा चोक अर्धवट कायम ओढलेला आहे, म्हणून सकाळी तो लागत नाही आणि दुपारी ती पेट्रोलमध्ये बुडते. सहा किलोमीटरचा हिशोबही त्यातच बसतो.

कलमवाला, देवगड

आपणा सर्वांचे आभार. आज सकाळी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पहिले दोन भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे होते. तिसरा आणि चौथा असे काळे, की बोट लावल्यावर समईची काजळी लागावी तसे बोट माखले, आणि चौथ्याच्या चिनीमातीवर पेट्रोलचा ओलावा स्पष्ट दिसत होता.

त्यानंतर अ‍ॅम्बीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे बोट घालून पाहिले. पुढचे जेट दगडासारखे स्थिर होते. मागचे आधी हलेना. अंगठ्याने थोडा जोर देताच ते किरकिरत, नखभर का होईना, वर गेले. कणकवलीहून बोलावलेले मेस्त्री (त्यांनी उभी हयात अ‍ॅम्बॅसेडरमध्ये घालवली आहे) बॉनेटखाली डोकावले आणि पहिले वाक्य बोलले ते असे, की "हां, हे तर घरचंच आहे." त्यांनी जेट सोडवून काढले तेव्हा त्याच्या अंगावर हिरवट कळंक आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर होता. तो रॉकेलने स्वच्छ केला, चोकची तार तेल सोडून मोकळी केली आणि जेट परत बसवताना बराच वेळ ते मध्यावर आणण्यात घालवला. कार्ब्युरेटरमधील सुई धरणारा पिस्टन बोटाने उचलून सोडायचा, तो खाली टेकताना धातूचा स्वच्छ "टक्" आवाज आला पाहिजे, सुई बाजूला घासली तर तो येत नाही, असे त्यांनी मला दाखवले. सहाव्या वेळी टक् आला.

दुपारी पुन्हा कुणकेश्वरला जाऊन मुद्दाम वीस मिनिटे थांबलो. पेडल एक-तृतीयांश दाबून धरले, सहा सेकंदांत गाडी सुरू झाली. आता उलटाच प्रकार झाला आहे: सकाळी चोक ओढल्याशिवाय ती लागत नाही, आणि घरातील मंडळींचे म्हणणे आहे की मेस्त्रींनी चांगली गाडी बिघडवली.

पाना-पक्कड, मुंबई

उत्तम. पुण्याच्या गृहस्थांनी लबाडी केली असे मला वाटत नाही; त्यांनाही तिच्या आधीच्या मालकाने हेच सांगितले असण्याची शक्यता आहे. तरीही उरलेली रक्कम देण्याची घाई करू नका. सुरू होण्याच्या तक्रारी स्वस्तात मिटतात, पत्र्याच्या नाही. या गाडीला वेगळी चौकट नाही, दरवाजाखालचे सिल्स हाच तिचा कणा आहे. गाडी मागून जॅकवर उचला आणि दरवाजे उघडझाप करून पाहा. ते घासू लागले तर कणा वाकतो आहे असे समजा. सिल्सवर चुंबक फिरवा, पुट्टी भरली असेल तिथे तो पकडणार नाही. बॉनेटला मात्र चुंबक चिकटला नाही म्हणून दचकू नका, त्या वर्षीच्या गाडीचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचेच असते.

इंजिनाचा क्रमांकही नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहा. १९६४च्या गाडीला १८जी किंवा १८जीए ने सुरू होणारा क्रमांक हवा, आणि वर्षाच्या शेवटी बनलेली असेल तर १८जीबी. मी एका एमजीत अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन बसवलेले पाहिले आहे. चालते छान, पण तिची किंमत एमजीबीची असू शकत नाही.

अ‍ॅम्बीवाला, चिपळूण

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. १९६४ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते, आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. कोणी मध्ये बदल केला आहे का ते तारा पाहून ठरवा, आणि तोवर मोबाइलचा चार्जर किंवा नवा रेडिओ जोडू नका. एक बॅटरी थकली की दुसरीही फुकट जाते, म्हणून बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला.

आणि खाऱ्या हवेचे. बॅटरीच्या अर्थिंगची पट्टी, तारांचे गोळीसारखे सांधे, फ्यूजच्या चिमट्या, या सर्वांवर समुद्राकाठी कळंक लवकर चढतो. पावसाळ्यात सकाळी डिस्ट्रिब्युटरचे (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण आतून दमट होते. कोरड्या सुती फडक्याने पुसून लावले की स्वभाव परत येतो. मांगरात गाडीखाली ओली माती असेल तर तिच्यावर आधी फरशी किंवा जाड प्लास्टिक घाला.

स्टार्टरचा एक प्रकार सांगून ठेवतो, कारण तो पहिल्यांदा घडला की माणूस हबकतो. या वर्षीच्या स्टार्टरचा दातेरी पिनियन फिरण्याच्या झटक्याने पुढे फेकला जातो आणि कधीकधी फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातांत अडकून बसतो. किल्ली फिरवल्यावर नुसताच "ठक्" असा आवाज येऊन सगळे गप्प झाले, दिवे मंदावले, तर किल्ली बंद करा, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये टाका आणि उतरून गाडी मागे-पुढे हलवा, पिनियन सुटतो. आमच्या टॅक्सीला हे वरचेवर व्हायचे आणि प्रवाशांनाच धक्का मारायला लावावे लागायचे.

कलमवाला, देवगड

मेस्त्री शनिवारी पुन्हा येणार आहेत, तेव्हा सिल्स, दरवाजे आणि तारा पाहू. बॅटऱ्या मी आजच पाहिल्या. दोन आहेत, सहा-सहा व्होल्टच्या, आणि अधिक टोक बॉडीलाच आहे. एकीवर मात्र दुसरीपेक्षा तीन वर्षे जुनी तारीख आहे. पुण्याला फोन करून चोकची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की गेली अकरा वर्षे ते बटण गाडीत कशासाठी आहे हेच त्यांना कळले नव्हते. बॅटऱ्यांचे पैसे किमतीतून वजा करायला त्यांनी होकार दिला आहे.