सहस्रचंद्रदर्शनाचं जेवण, बाबांना श्रवणयंत्र: बडोद्यात शांत आणि चांगलं रेस्टॉरंट कसं निवडावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पूजा, गुरुजी, पुरणाचं जेवण हे सगळं दांडिया बाजारातल्या घरीच होईल, त्याची चिंता नाही. त्यानंतरच्या रविवारी फक्त घरच्या बारा माणसांनी बाहेर, जरा उंची ठिकाणी जेवायचं ठरतंय. अलकापुरी, सयाजीगंज, अकोटा, कुठेही चालेल. माणशी दोन हजारांपर्यंत तयारी आहे. सगळे शाकाहारी, आणि गुजरातेत असल्यामुळे दारूचा विषयच नाही.

अडचण वेगळी आहे. बाबांच्या दोन्ही कानांना यंत्र आहे. घरात चौघांत बसले की ते छान बोलतात, वाद घालतात, रेडिओवरच्या बातम्या ऐकून आम्हाला ऐकवतात. हॉटेलात मात्र सगळं बंद. भाचीच्या साखरपुड्यानंतर आम्ही इथल्याच एका नामांकित ठिकाणी गेलो होतो. घरातले सगळ्यात मोठे म्हणून त्यांना लांब टेबलाच्या टोकाला, मानाच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर स्पीकर, पाठीमागे बुफे, समोर माइकवर गझल गाणारा गायक. सूप येईपर्यंत बाबांनी दोन्ही यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली. मग जेवण संपेपर्यंत सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवत बसले. वेटरने त्यांना काही विचारलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकल क्या लेंगे?" बाबा माझ्या शेजारी होते आणि मेनूकार्ड त्यांच्याच हातात होतं.

ज्यांच्यासाठी जेवण ठेवलंय तेच पंगतीत एकटे पडणार असतील तर मला ते जेवण नको आहे. म्हणून हा धागा.

ऑडिओलॉजिस्टबाईंनी आम्हाला जे समजावलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. वयामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, त ही व्यंजनं त्यातच येतात. स्वर ऐकू येतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, "आवाज येतोय, पण काय बोलताय ते कळत नाही." यंत्र आवाज मोठा करतं, पण त्यात शेजारच्या टेबलावरचा हशा आणि चमच्यांचा खणखणाटही आला. कलकलाटातून आपल्याला हवा तो आवाज वेचून काढायचं काम मेंदूचं, आणि वयाबरोबर तेही जड जातं. दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. साधं बोलणं एक मीटरवरून साठेक डेसिबल असतं, आणि भरलेल्या रेस्टॉरंटातला गोंगाट पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात सहज जातो. लांब टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या नातवाचं बोलणं बाबांपर्यंत कसं पोचणार?

महाग ठिकाण म्हणजे शांत ठिकाण, असं तर मुळीच नाही. संगमरवरी फरशी, काचेच्या भिंती, उंच छत, टेबलावर चादर नाही. आवाज शोषून घेणारं काहीच नसतं. त्यात दिवे इतके मंद की समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, आणि बाबा निम्मं ओठांवरून ओळखतात. याउलट आमच्या कोपऱ्यावरचा शेवउसळवाला गाडीवरून वाकून, त्यांच्या तोंडाकडे बघून "काका, तर्री थोडी ओछी?" विचारतो. रस्त्यावर एवढी वाहनं असूनही बाबांना ते कळतं. एवढं साधं सौजन्य मोठ्या हॉटेलात मागून मिळेल का, हाच माझा प्रश्न आहे.

तर बुकिंग करताना नेमकं काय मागावं? बारा जणांना गोल टेबल मिळतं का, की दोन टेबलं जोडतात? गाणं बंद किंवा हळू करायला सांगितलं तर ऐकतात का? रविवारी रात्री अख्खं बडोदं बाहेर जेवतं, तर दुपार बरी पडेल का? आणि यंत्रवाल्या माणसाने भिंतीला पाठ करून बसावं की भिंतीकडे तोंड करून? याची दोन्ही उत्तरं मला मिळाली आहेत.

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

माझ्या सासूबाईंना यंत्र आहे, म्हणून लिहिते. त्यांना आम्ही नेहमी कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून बसवतो. मागून आवाज येत नाही आणि सगळ्यांचे चेहरे समोर दिसतात. भिंत नुसती काचेची नको, मागे गादीवाला उंच सोफा किंवा पडदा असेल तर उत्तम. स्वयंपाकघराचं दार, बिलिंग काउंटर, एसीचा झोत, हे तिन्ही टाळा. ज्या कानाने जास्त बरं ऐकू येतं त्या बाजूला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस बसवा.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्यात एक दुरुस्ती. यंत्रात दिशा ओळखणारा माइक असेल तर तो समोरचं जास्त घेतो आणि पाठीमागचं कमी करतो. अशा वेळी गोंगाट पाठीमागे आणि आपली माणसं समोर असावीत, म्हणजे तोंड भिंतीकडे. साध्या यंत्राला किंवा यंत्र नसेल तर पाठ भिंतीला ठीक. तुमच्या ऑडिओलॉजिस्टना हेच विचारा आणि गोंगाटासाठी वेगळा प्रोग्राम टाकून घ्या. बहुतेक डिजिटल यंत्रांत तो असतो, बटण किंवा मोबाइलवरून बदलता येतो. तो बदलायचा सराव बाबांनी चार दिवस आधी घरी करावा, आयत्या वेळी नको. काही कंपन्यांच्या यंत्रांबरोबर छोटा वायरलेस माइक मिळतो. तो बोलणाऱ्याने कॉलरला लावला की आवाज थेट कानात जातो, अंतराचा प्रश्नच राहत नाही. बारा जणांत तो हातोहात फिरवा, मुलांना मजा वाटते. बोललेलं लिहून दाखवणारी मोबाइल ॲप आहेत, पण कलकलाटात तीही चुकतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आणि "बाबा, काही नाही, नंतर सांगते" हे वाक्य घरातल्या सगळ्यांना बंद करायला लावा. आमच्याकडे काकांना सगळ्यात जास्त तेच लागायचं.

प्रतिसाद

मी हॉटेल व्यवसायातच आहे, म्हणून व्यवहाराचं सांगतो. बारा जणांसाठी तुम्ही पीडीआर मागा, म्हणजे स्वतंत्र खोली. बहुतेक मोठ्या हॉटेलांत असते. वेगळं भाडं बहुधा नसतं, पण किमान बिलाची अट असू शकते, ती आधी लिहून घ्या. खोलीतला स्पीकर वेगळा बंद करता येतो आणि दिवेही वाढवता येतात. फोनवर "शांत जागा द्या" म्हणू नका. "वडिलांना श्रवणयंत्र आहे, गोल टेबल, स्पीकरपासून लांब, ऑर्डर त्यांनाच समोरून, हळू विचारायची" असं मॅनेजरला मेसेजवर लिहून पाठवा. लिहिलेलं असलं की ते वेटरपर्यंत जातं.

वेळ म्हणाल तर रविवार रात्र नकोच. रविवारी दुपारीही ब्रंचची गर्दी आणि गाणं असतं. सुट्टीचं जमत असेल तर मधल्या वारी दुपारी साडेबाराला या, हॉल रिकामा असतो.

बिलाचंही बघून ठेवा. ज्या हॉटेलाने आदल्या आर्थिक वर्षात एखाद्याही खोलीचे दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त घेतले असतील, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के. तुमच्या चोवीस हजारांवर हा फरक ४,३२० आणि १,२०० असा पडतो. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करता येते. माझं वैयक्तिक मत, वेटरने बाबांशी नीट वागणूक ठेवली तर त्याच्या हातात टिप जरूर द्या.

प्रतिसाद

सगळं वाचलं. बाबांना विचारलंत का, त्यांना काय हवंय?

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पीडीआरबद्दल आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

वरचा प्रश्न वाचून संध्याकाळी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "गोल टेबल असेल तर येतो. गाणं नको. गाणं ऐकायचं तर मी मैफलीला जाईन, जेवताना मला तुमच्याशी बोलायचंय." मग स्वतःच यादी केली: शेजारी धाकटा नातू, समोर आई, आणि ऑर्डर ते स्वतः देणार. मेनूकार्ड आदल्या दिवशी घरी मागवायला सांगितलंय, म्हणजे भिंगाने सावकाश वाचून ठेवतील.

रविवार रद्द केला. दादाला बुधवारी अर्धा दिवस सुट्टी मिळतेय, तर बुधवार दुपार नक्की. सोमवारी बाबांना घेऊन दोन हॉटेलांच्या खोल्या बघायला जाते. तिथे आत बसून थोडं बोलून बघू, ऐकू येतंय की नाही ते तेच सांगतील.

एक शेवटचं विचारते. जेवणाआधी आईला त्यांना निरांजनाने ओवाळायचंय. बंद खोलीत धुराच्या अलार्ममुळे हॉटेलवाले हरकत घेतात का? कोणी केलं असेल तर सांगा, म्हणजे सोमवारीच तेही विचारून घेता येईल.