मदत हवी आहे : दृष्टिचेतेच्या तंतूला मेंदूतील आपली जागा नेमकी कशी कळते?

नमस्कार. दृष्टिपटलाचा नकाशा मेंदूत कसा उमटतो, म्हणजे दृष्टिपटलावरील शेजारचे बिंदू मेंदूतही शेजारीच कसे जोडले जातात, याविषयी वाचताना एका ठिकाणी मी पुरता अडकलो आहे.

चेताशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी बेडकाचा डोळा १८० अंशांत फिरवला, तेव्हा तोडलेली दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा तंतूंचा जुडगा) पुन्हा जुळूनही बेडूक वरच्या माशीसाठी खालीच झेप घेत राहिला. यावरून प्रत्येक तंतूला रासायनिक ओळख असावी, असे त्यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढे संशोधक बॉनहोफर यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिल्लाच्या, दृष्टिचेता जिथे पोहोचते त्या मध्यमेंदूतील पुढच्या व मागच्या भागांतील पेशीपटलांचे आलटून पालटून पट्टे आखले गेले. दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या बाजूचे तंतू फक्त पुढच्या भागाच्या पट्ट्यांवरून वाढले. पण मागच्या भागाचे पटल आधी तापवले, तर हा भेद उरला नाही. म्हणजे पुढचा पट्टा ओढत नव्हता, मागचा ढकलत होता. ढकलणारी एफ्रिन-ए प्रथिने १९९५ मध्ये सापडली आणि ती ओळखणारे ईफ-ए ग्राही (संकेत पकडणारी प्रथिने) कानशिलाकडच्या तंतूंवर जास्त असतात, इथवर सारे सरळ आहे.

अडचण पुढे आहे. २००० साली उंदरांच्या दृष्टिपटलातील सुमारे निम्म्या चेतापेशींत ईफ-ए३ (ईफ-ए ग्राहींपैकी एक) जादा निर्माण करवले, तर एकाऐवजी दोन नकाशे तयार झाले. ज्या पेशींना हातही लावला नव्हता, त्यांचेही तंतू मध्यमेंदूच्या मागच्या भागाकडे सरकले. अर्थात तंतूची जागा शेजाऱ्यांच्या तुलनेत ठरते. मात्र २००८ मधील झेब्राफिशच्या प्रयोगात, मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या चेतापेशीच नसलेल्या डोळ्यात तशी एकच पेशी रोपली, तरी तिचा तंतू साधारण योग्य जागीच पोहोचला. फक्त त्याचा पसारा नेहमीपेक्षा मोठा झाला. तुलनेला शेजारीच नसताना हे कसे साधले? पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या सुबक आकृतीत हा प्रश्न चक्क झाकला जातो.

माझी अटकळ अशी की रसायन ढोबळ पत्ता देते आणि जागेसाठीची चढाओढ तो पत्ता हलवते. पण तंतू एकमेकांना ओळखतात कसे? नाकाकडच्या तंतूंवर स्वतःचे एफ्रिन-ए बरेच असते. त्यामुळे तंतू थेट एकमेकांनाच ढकलतात, की मर्यादित जागेमुळे नकळत तसे घडते? दृष्टिपटलातील विद्युत-लहरी थांबवल्या तरी ढोबळ नकाशा टिकतो, म्हणून त्यांना मी तूर्त बाजूला ठेवले आहे. हे दोन्ही प्रयोग एकाच नियमात बसवणारे गणिती प्रारूप कुणी अभ्यासले असल्यास कृपया त्यातील गृहीतके समजावून सांगावीत.