रिझोल्युशन: विभेदन, आकार की नुसती संख्या?

प्रश्न

४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा घेतलाय. आमच्या छायाचित्रणाच्या गटासाठी त्याच्या मेनूची मराठी टिपणं करतोय. 'इमेज साइझ'खाली तीन पर्याय आहेत: एल म्हणजे ८२५६ × ५५०४, एम ६१९२ × ४१२८ आणि एस ४१२८ × २७५२. गटात सगळे याला 'रिझोल्युशन' म्हणतात. मराठी प्रतिशब्द शोधायला गेलो तर ठराव, संकल्प, निराकरण, विभेदन असं कायकाय हाती लागलं. 'विभेदन: मोठे' लिहिलं तर चालेल का? आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी एल ठेवावं की एम, हेही अजून ठरत नाहीये.

प्रतिसाद

सरळ 'आकार' लिहा की. साइझ म्हणजे आकार.

प्रतिसाद

आकार नको. मराठीत आकार म्हटलं की आधी गोल-चौकोनी डोळ्यांपुढे येतं. त्याच मेनूत ३:२, १:१, १६:९ हे चौकटीच्या प्रमाणाचे पर्यायही असतात, वाचणारा हमखास तिकडे जाईल. वर फाइल किती एमबीची, त्यालाही लोक 'फाइलचा आकार' म्हणतात. एका शब्दाच्या डोक्यावर तीन ओझी कशाला? फार तर 'आकारमान' म्हणा.

प्रतिसाद

'विभेदन' हा शब्द चांगला आहे, म्हणूनच तो इथे खर्चू नका असं म्हणेन. मूळ धातू भिद्: फोडणे, वेगळे करणे. मतभेद, लक्ष्यभेद, मर्मभेदी ही सगळी त्याचीच पिलावळ. भौतिकशास्त्रात विभेदनक्षमता म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन गोष्टी 'दोन' म्हणून दाखवण्याची ताकद.

सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती आठवा. त्यांच्यात सुमारे १२ कलांचं अंतर आहे; एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा. चांगल्या नजरेला दोन तारे दिसतात, अधू नजरेला एकच. लहानशा दुर्बिणीतून पाहिलं तर खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात, जेमतेम १४ विकलांवरचे. आकाश तेच, तारे तेच. बदललं ते विभेदन.

आता तुमच्या मेनूकडे या. एल निवडलंत म्हणजे कॅमेऱ्याला एवढंच सांगितलंत की साडेचार कोटी पिक्सेल नोंदव. त्यांत किती भेद उमटेल हे भिंग, फोकस, हाताचा कंप आणि अॅपर्चर ठरवणार. एफ १६ वर, म्हणजे अॅपर्चरचं छिद्र बरंच बारीक केलं की, हिरव्या प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर ठिपका राहत नाही, विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो म्हणून, त्याची साधारण २१ मायक्रॉन व्यासाची चकती होते. तुमचा एकेक पिक्सेल ४.४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक चकती जवळजवळ पाच पिक्सेलभर पसरली. साक्षीदार कोट्यवधी, पण शेजारी शेजारी बसून सगळे तीच साक्ष देतायत. मेनूत 'विभेदन: मोठे' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की बटण दाबलं आणि बारकावे वाढले. तिथे असते ती मोजणी. 'बिंदुसंख्या' लिहा.

प्रतिसाद

तिसरा अर्थ राहिलाच. 'फोटो ३०० रिझोल्युशनमध्ये पाठवा' असं सांगतात ना, तिथे ना भेद ना संख्या. ती आहे घनता, दर इंचाला किती पिक्सेल छापायचे ती. फाइलीत तो आकडा नुसता टिपणासारखा बसलेला असतो. पिक्सेल तेवढेच ठेवून ७२ चे ३०० केले तर एका पिक्सेलचीही भर पडत नाही. ३०० नेच छापायचं तर एल मधून साडेसत्तावीस इंच रुंद चित्र निघेल, एम मधून साडेवीसच्या थोडं वर आणि एस मधून पावणेचौदा.

प्रश्नकर्ता

एम मधून साडेवीस इंच? मग मी ४५ चा घेतला कशाला!

प्रतिसाद

कातरायला. चौकटीच्या कोपऱ्यातला पक्षी नंतर कापून मोठा करायचा असेल तर एल ची श्रीमंती कळते. आणि मेगापिक्सेल या शब्दानेही फसू नका, ते क्षेत्रफळ आहे. ४५ वरून साडेपंचवीसवर आलो म्हणजे जवळजवळ अर्धं गेलं असं वाटतं, प्रत्यक्षात प्रत्येक बाजू पाऊणपट होते. उलटंही तेच, दुप्पट बारकावा हवा तर पिक्सेल चौपट लागतात.

माझा कौल असा: रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, काढत असाल तर एल, विचारच करू नका. टाकलेले पिक्सेल परत येत नाहीत आणि लहान करणं संगणकावर केव्हाही होतं. शेकडो जेपेग त्याच दिवशी वाटायचे असतील आणि ते पडद्यावरच पाहिले जाणार असतील, तर एम. ४के पडद्यावर मुळात ८३ लाख पिक्सेल असतात, त्याला एस चे एक कोटी चौदा लाखांच्या आसपासचेही पुरून उरतात. फक्त कार्डावर जागा वाचवायला एल तसंच ठेवून जेपेगचा दर्जा खाली आणू नका. जेपेग चित्राचे ८ × ८ चे चौकोन पाडून दाबतो, फार दाबलं की ते चौकोन दिसायला लागतात. त्यापेक्षा उत्तम दर्जाचा एम बरा. 'फोटो लो रिझोल्युशन आहे' अशी तक्रार येते ना, तो पुष्कळदा असा दाबून पिचलेलाच फोटो असतो. पिक्सेल भरपूर असतात बिचाऱ्यात.

प्रतिसाद

'बिंदुसंख्या'वर एक शंका. छपाईतले शाईचे ठिपके तेही बिंदूच. एकेक पिक्सेलचा रंग उमटवायला प्रिंटर अनेक ठिपके टाकतो, तेव्हा दोन्हींना बिंदू म्हटलं तर घनतेचा घोळ पुन्हा सुरू होईल. पिक्सेल १९६५ पासून छापील मजकुरात आहे, आपल्याकडे तर शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. तो मराठीच धरा.

प्रतिसाद

मान्य. 'बिंदुसंख्या' मीच सुचवली होती, मागे घेतो. पिक्सेलसंख्या.

प्रश्नकर्ता

टिपण असं केलं:
पिक्सेलसंख्या: मोठी / मध्यम / लहान
प्रत: उत्तम / साधी / प्राथमिक
विभेदन हा शब्द भिंगांच्या पानावर नेला. कॅमेरा रॉ आणि एल वर ठेवलाय.

प्रतिसाद

संख्या जास्त-कमी असते हो, मोठी-लहान नव्हे. आणि 'प्रत: साधी' वाचून गटातलं कुणीतरी नक्की विचारेल, किती प्रती काढायच्या?

प्रश्नकर्ता

दर्जा लिहितो.