वंशावळीचा शोध गटाने घेताना कामाची वाटणी कशी करावी?

वाडीकर:
आमचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. एकोणिसाव्या शतकात त्यातील काही मंडळी नोकरीनिमित्त बडोद्यास आणि इंदुरास गेली व तिकडचीच झाली. या सर्व शाखांची वंशावळ जुळवावी म्हणून आम्ही नातेवाइकांनी एक व्हॉट्सॲप गट केला आहे. उत्साह उदंड आहे, पण काम पुढे सरकत नाही. एकाच सातबाऱ्याचे छायाचित्र तिघे जण पाठवतात, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडील वहीत आपले घराणे आहे का याची चौकशी दोन चुलतभाऊ एकमेकांना न सांगता करून येतात, आणि एखादा खरोखरच मोलाचा कागद वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. शोधाची वाटणी गावांनुसार करावी की साधनांनुसार, आणि हाती आलेल्या माहितीची नोंद कोणी व कशी ठेवावी, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

जुने दप्तर:
वाटणी साधनांनुसार करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गावानुसार वाटणी केली की प्रत्येकाला सगळ्याच प्रकारची कागदपत्रे वाचायला शिकावे लागते आणि ते कोणालाच नीट जमत नाही. गाव नमुना चौदामधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर आणि उपाध्यायांच्या वह्या या प्रत्येकाची मांडणी निराळी असते. कालगणनेचेही तसेच आहे: शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसलीत (जुन्या महसुली कालगणनेत) 590 मिळवावे लागतात आणि सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांत आढळणाऱ्या कालगणनेत) 599 (वर्षारंभ वेगवेगळे असल्यामुळे कधी एखादे वर्ष अधिक). हे एकदा अंगवळणी पडलेल्या माणसाकडे त्या प्रकारचे सर्व गावांचे कागद सोपवले तर वेळ वाचतो.

नोंदीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक गट तेथेच अडतात. काय सापडले हे प्रत्येक जण हौसेने सांगतो, परंतु काय पाहिले आणि त्यात काही सापडले नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे वर्षभराने दुसरा कोणी तेच रजिस्टर पुन्हा चाळतो. तेव्हा एक सामायिक तक्ता करा आणि त्यात साधन कोणते, ते कोठे ठेवलेले आहे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पाहिले, कोणी पाहिले आणि मुख्य म्हणजे कोणत्या नावाने पाहिले, हे लिहा. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘बाळाजी सदाशिव’ असे तुम्ही शोधत असता आणि लिहिणाऱ्याने ‘बाळा बिन सदोबा’ (बिन म्हणजे ‘चा मुलगा’) असे लिहिलेले असते, किंवा आडनावाच्या जागी नुसते ‘कुळकर्णी’ असते. ज्याने एकाच रूपाने शोधले त्याचे ‘नाही’ हे पुरते ‘नाही’ नव्हे.

ग्रंथालयवाला:
जुने दप्तर यांच्या तक्त्याला माझा पाठिंबा आहे, परंतु त्याने गटातली एक अडचण सुटत नाही. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी उमेदवार निवडायचा होता. सर्वोत्तम उमेदवाराच्या बाजूची माहिती गटातल्या सभासदांमध्ये विखरून दिलेली होती, म्हणजे सगळ्यांची बेरीज केली असती तर योग्य निवड झाली असती. तरीही चर्चा बहुधा सर्वांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींभोवतीच फिरली आणि एकेकट्याकडे असलेली माहिती पुरेशी पुढे आलीच नाही.

तुमच्या गटात तोच सातबारा तीनदा येतो, कारण तो सर्वांकडे आहे. बडोद्याच्या एखाद्या आत्याबाईंच्या ट्रंकेत जुनी पत्रे असतील, तर ‘यात काय विशेष’ असे वाटून त्या गप्प बसलेल्या असतात. म्हणून गटात चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरी काय आहे याची यादी स्वतंत्रपणे लिहून समन्वयकाकडे द्यावी. ज्येष्ठांना फोन करून विचारावे. व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडून यादीची अपेक्षा धरू नये.

तारांगण:
वरील दोन्ही उत्तरांत पुनरावृत्ती म्हणजे श्रम वाया जाणे, असे गृहीत धरलेले दिसते. शोधण्याच्या बाबतीत ते खरे आहे, वाचण्याच्या बाबतीत नाही. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या प्रकल्पात सुमारे 9 लाख दीर्घिकांची छायाचित्रे सामान्य लोकांपुढे ठेवून त्यांचे आकार ओळखायला सांगितले होते. तेथे एकच छायाचित्र अनेकांना मुद्दाम दाखवले जात असे, आणि इतरांनी काय उत्तर दिले हे पाहणाऱ्याला कळत नसे. अशा स्वतंत्र उत्तरांच्या मेळावरूनच निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा हे ठरत असे.

मोडी कागदांना हे तंतोतंत लागू पडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात आणि घाईच्या हातातले अक्षर दोन जण दोन तऱ्हांनी लावतात. तेव्हा नाव असलेली प्रत्येक ओळ दोघांनी वेगवेगळी वाचावी आणि मगच ताडून पाहावी. एकाने वाचन गटात टाकले की दुसऱ्याला तेच दिसू लागते, म्हणून वाचन आधी समन्वयकाकडेच जावे.

वाडीकर:
सर्वांचे आभार. साधनांनुसार वाटणी आणि घरोघरची यादी, या दोन्ही गोष्टी लगेच करता येतील. एक शंका उरते. आमच्या इंदूरच्या शाखेत दत्तक गेलेला एक पुरुष आहे. बडोद्याकडील मंडळी त्याला जनक पित्याच्या नावाखाली धरतात, तर इंदूरकर दत्तक पित्याच्या. तक्त्यात त्याची एकच नोंद करावी की दोन?

जुने दप्तर:
व्यक्ती एक असल्यामुळे नोंद एकच करा, परंतु जनक पिता आणि दत्तक पिता यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवा, आणि प्रत्येक रकान्यापुढे ती माहिती कोणत्या कागदातून आली हे लिहा. दत्तकपत्र मिळाल्यास उत्तमच. ते मिळेपर्यंत दोन्ही शाखांचे म्हणणे ‘सांगीव’ अशा शेऱ्यासह राहू द्यावे आणि गटात बहुमताने काही ठरवू नये.