नमुना कसा घेतला, ते आधी पाहा
तेल बाहेर ढकलायला विहिरीतून जमिनीखाली सोडलेल्या पॉलिमरच्या द्रावणाची स्निग्धता (दाटपणा) घटली, याचा सगळा दोष वरच्या पोस्टमध्ये क्षार आणि तापमानावर टाकलाय. तो त्यांचाही आहेच, पण एचपॅमच्या (या कामातला नेहमीचा पॉलिअ‍ॅक्रिलामाइड पॉलिमर) लांब साखळ्या त्याआधीच चोक व्हॉल्व्ह (प्रवाह आवळणारी झडप) आणि पर्फोरेशनमध्ये (विहिरीच्या नळीला पाडलेली छिद्रं) तुटू शकतात. अरुंद जागेत प्रवाह एकदम वेग घेतो, साखळी ताणली जाते आणि साधारण मधोमध तुटते. सर्वांत लांब साखळ्या आधी जातात. स्निग्धतेत मोठा वाटा त्यांचाच, म्हणून फटका जोरात बसतो. झँथन (दुसरा एक पॉलिमर) ताठ असल्यामुळे हे बरंच सोसतं, पण त्याला जिवाणू खातात.

आणि कृपा करून नमुना कसा घेतला तेही सांगा! दाबाखालच्या लाइनचा व्हॉल्व्ह झटकन उघडला तर पॉलिमर तिथेच तुटतो आणि खापर पंपावर फुटतं. लांब नळीच्या वेटोळ्यातून दाब हळूहळू उतरवून नमुना घ्या, मग आकड्यांवर बोलू.